गुन्हेगार कोण, हे न सांगणारा चित्रपट

‘दास वाइसे बांड’ या जर्मन चित्रपटावरून प्रेक्षकांत दोन तट पडतात. ज्यांना तो आवडत नाही त्यांची मुख्य तक्रार शेवटाविषयी असते. अडीच तासांच्या आसपास जाणारा, कृष्णधवल, पार्श्वसंगीत नसलेला, चेहऱ्यावर हसू फारसे न येऊ देणारा चित्रपट धीर धरून पाहावा आणि एवढे करून गुन्हेगार कोण हेच सांगितले जाऊ नये, ही प्रेक्षकाची फसवणूक आहे असे त्यांना वाटते. आवडणाऱ्यांपैकी बहुतेकांचे म्हणणे असते की उत्तर स्पष्टच आहे. हीच पोरे पुढे वीस वर्षांनी हिटलरच्या मागे गेली, एवढे ओळखले की चित्रपट उलगडला. मला मात्र हे दोन्ही तट मुळात एकाच बाजूचे वाटत आले आहेत. दोघांनाही दोष एकदाचा कुणाच्या तरी पदरात घालून घरी जायचे असते, आणि हा चित्रपट नेमके तेवढेच करू देत नाही.

ज्यांना तो अजून पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबावे, कारण पुढे मी कथानक राखून ठेवलेले नाही.

दिग्दर्शक मिखाएल हानेके जन्माने म्युनिकचे, वाढले ऑस्ट्रियात. २००९ साली कान महोत्सवात या चित्रपटाला ‘पाम द’ओर’ हा सर्वोच्च सन्मान मिळाला, आणि जर्मनीची प्रवेशिका म्हणून तो ऑस्करच्या अंतिम नामांकनांपर्यंत पोचला. इंग्रजीत तो ‘द व्हाइट रिबन’ या नावाने ओळखला जातो. आपण ‘पांढरी फीत’ म्हणू. कथा घडते उत्तर जर्मनीतील आइखवाल्ड नावाच्या काल्पनिक खेड्यात, पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या एका वर्षात. गावाचे डॉक्टर घोड्यावरून घरी येत असताना दोन झाडांमध्ये बांधलेली बारीक तार घोड्याच्या पायात येते आणि ते जबर जखमी होतात. दुसऱ्या दिवशी ती तार कुणीतरी काढून नेलेली असते. मग एका कुळाची बायको लाकडाच्या गिरणीत जमिनीची सडलेली फळी मोडून खाली पडते आणि मरते. जहागीरदाराचा लहान मुलगा झिगी बांधून फटकावलेल्या अवस्थेत सापडतो, वाड्याचे धान्यकोठार जळते, आणि शेवटी सुईणीचा मतिमंद मुलगा कार्ली याचे डोळे जवळजवळ जातील इतका त्याचा छळ होतो. त्याच्याजवळ एक चिठ्ठी असते. आईबापांच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत मुलांना भोगावी लागते, अशा अर्थाचे बायबलमधले वचन तिच्यावर लिहिलेले असते. या प्रत्येक घटनेनंतर गावातली काही मुले, पाद्र्याची मुलगी क्लारा सर्वांत पुढे, विचारपूस करायला म्हणून तिथे हजर असतात. कॅमेरा त्यांच्याकडे पाहतो, गावातली मोठी माणसे पाहत नाहीत.

सोलापूरच्या पूर्व भागात एका स्नेह्यांच्या घरी वरच्या मजल्यावर आम्ही काही मंडळी अधूनमधून जमून चित्रपट पाहतो. तिथेच मागच्या उन्हाळ्यात हा चित्रपट लावला. भिंतीवर पांढरी चादर, ती अर्थातच सोलापुरी, खिडकीत कूलर, आणि शेजारच्या बोळातल्या यंत्रमागांची खटखट. एरवी ती खटखट आमच्या कानाला जाणवतही नाही. हिंदी चित्रपट असला तर गाण्यांत बुडून जाते. हानेके यांच्या चित्रपटात मात्र प्रसंगात कुणी वाजवत किंवा गात असेल तेवढेच संगीत. त्यामुळे शांततेच्या प्रत्येक प्रसंगात ते माग आत शिरले. त्यात सबटायटल पांढऱ्या अक्षरांतली. आइखवाल्डमध्ये बर्फ पडला की मागे सगळे पांढरे, त्यावर पांढरी अक्षरे, आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी, ‘काय म्हणाला बे तो?’ ज्यांना इंग्रजी झरझर वाचता येत नव्हते त्यांनी अर्धा चित्रपट चेहरे वाचूनच पाहिला. गंमत म्हणजे चित्रपटाबद्दल सर्वांत धारदार मते त्यांचीच निघाली.

आमच्यातला एक तरुण लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. दिवे लागताच त्याने निकाल देऊन टाकला, ‘सर, यातला एक तास कापला तरी कुणाला पत्ता लागणार नाही.’ त्याची चेष्टा झाली खरी, पण त्याने उदाहरण दिले ते नेमके मर्मावर बोट ठेवणारे होते. पाद्र्याची दोन मोठी मुले, क्लारा आणि मार्टिन, एके संध्याकाळी उशिरा घरी येतात. त्या रात्री घरात कुणालाच जेवण मिळत नाही. दुसऱ्या दिवशी दोघांना प्रत्येकी दहा फटके मिळणार, हे पाद्री शांत आवाजात जाहीर करतो आणि शिक्षा करताना आपल्यालाच जास्त दुखणार आहे असेही सांगतो. शिक्षेच्या वेळी कॅमेरा बाहेरच्या अरुंद मार्गिकेत उभा राहतो. मुले आत जातात, दार लागते. थोड्या वेळाने मार्टिन एकटा बाहेर येतो, मार्गिकेतून चालत जातो, छडी घेऊन परत येतो, आणि पुन्हा दार लागते. आता फक्त दार दिसते. मग आतून ओरडणे ऐकू येते. आमच्या तरुण मित्राचे म्हणणे असे की मुलगा छडी आणायला जातो आणि येतो यात काय पाहायचे, एक कट मारला असता तर काम भागले असते.

याला उत्तर दिले ते तालुक्याच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईंनी. त्या म्हणाल्या, ‘अरे, छडी आणायला मुलालाच पाठवायचे, हीच तर खरी शिक्षा असते. आमच्या वेळी पंतोजी हेच करायचे. मार दोन मिनिटांत संपतो, आणायला जाण्याची वाट संपत नाही.’ यावर काही क्षण कुणी बोलले नाही, मग मात्र प्रत्येकाने आपापली छडी आठवून सांगितली, आणि त्यात थोडा अभिमानही मिसळू लागला. मार खाल्ला म्हणून आम्ही घडलो, हे वाक्य आपल्याकडे किती सहज येते! ज्या वर्षी हा चित्रपट प्रदर्शित झाला त्याच २००९ साली आपल्या संसदेने शिक्षण हक्काचा कायदा केला आणि त्याच्या सतराव्या कलमाने शाळेतली शारीरिक शिक्षा व मानसिक छळ बेकायदा ठरवला, हा निव्वळ योगायोग आहे. पण त्या खोलीत बसलेल्या आम्हा सर्वांची शाळा त्या कायद्याच्या आधीची होती, हा योगायोग नव्हता. बाईंचे म्हणणे मला पूर्ण पटले. तो प्रसंग कापला तर मारहाण उरेल, पण मुलाचे स्वतःहून चालत जाणे उरणार नाही, आणि चित्रपटाचा सगळा भार त्या चालण्यावर आहे.

बाईंचे पुढचे मत मात्र अनेकांना रुचले नाही. त्यांच्या मते पाद्री हा चित्रपटातला दुष्ट माणूसच नाही. बुर्गहार्ट क्लाउसनर या नटाने तो ज्या तऱ्हेने उभा केला आहे त्यात त्याचे मुलांवरचे प्रेम सारखे जाणवत राहते, आणि खरी भीती त्याचीच वाटते. पवित्रतेची आठवण राहावी म्हणून तो क्लाराच्या केसांत आणि मार्टिनच्या दंडावर पांढरी फीत बांधायला लावतो. मार्टिनने रात्री ‘पाप’ करू नये म्हणून त्याचे हात पलंगाला बांधले जातात. आणि हे सगळे तो मुलांच्या भल्यासाठी करत असतो याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नसते. क्लारा सूड म्हणून त्याच्या लाडक्या पाखराला कात्री खुपसून मारते आणि त्याच्याच टेबलावर ठेवते. त्यानंतर धाकटा गुस्टाव, ज्याने एक जखमी पाखरू वडिलांची परवानगी काढून जपलेले असते, ते पिंजऱ्यासकट आणून वडिलांना देतो, कारण आपले पाखरू गेल्यापासून बाबा दुःखी आहेत. पाद्र्याचे डोळे भरून येतात. सबंध चित्रपटात ज्याला निरपवाद चांगुलपणा म्हणता येईल असा प्रसंग मला तरी हा एकच वाटतो, आणि त्यातही छातीवर दडपण येते, कारण याच्याही दंडावर काही वर्षांनी फीत येणार हे आपल्याला ठाऊक असते. ख्रिस्ती घरातले एक गृहस्थ आमच्यात होते. चर्चमध्ये मुले गातात ती मार्टिन ल्यूथरच्या स्तोत्राची चाल त्यांनी चटकन ओळखली होती. चित्रपटाने धर्मालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, असा त्यांचा आक्षेप होता. तो मी सहज बाजूला सारणार नाही. परंतु पाद्री, जहागीरदार, डॉक्टर, कारभारी आणि कूळ या पाचही घरांत बापाचा शब्द एकाच तऱ्हेने चालतो आणि त्यातल्या चार घरांत बायबल कुणी उघडताना दिसत नाही, हे पाहता रोख धर्माकडे कमी आणि ‘तुझ्याच भल्यासाठी’ या दोन शब्दांकडे जास्त आहे, असे मला वाटते.

सगळ्यांत अनपेक्षित मत आले ते आमच्या काकांकडून. त्यांचे उमेदीचे दिवस गिरणीत गेले आणि गिरणी बंद पडल्यावर दुसऱ्याच्या मागांवर. चित्रपटभर ते काही बोलले नव्हते. मला वाटले झोपले असावेत. मुलांनी केले की नाही केले यावर वाद रंगला असताना ते म्हणाले, ‘अहो साहेब, पोरांचं सोडा की. ती फळी सडलीय हे मुकादमाला ठाव नव्हतं व्हय?’

मी तो प्रसंग कथानकातला एक अपघात म्हणून मनात नोंदवून पुढे गेलो होतो, आणि मी वाचलेल्या बऱ्याच लिखाणातही तो असाच ओझरता येतो. काकांनी तो सोडला नाही. त्या बाईचा हात अधू म्हणून कारभाऱ्याने तिला सुगीच्या कष्टाच्या कामातून सोडवून गिरणीत हलक्या कामाला लावलेले असते. तिचा थोरला मुलगा जहागीरदाराला जाब विचारू पाहतो, तेव्हा बापच त्याला गप्प करतो. अर्ध्या गावाची भाकरी जहागीरदाराच्या हातात आहे हे निवेदक आपल्याला सांगून ठेवतोच. मुलगा सुगीच्या उत्सवाच्या दिवशी विळ्याने जहागीरदाराचा कोबीचा मळा सपासप कापून टाकतो. त्या कुटुंबाचे काम सुटते. पुढे बाप गळफास घेतो. गावाला हादरवणाऱ्या घटनांपैकी हा एकच गुन्हा असा आहे की ज्याचा करणारा आपल्या डोळ्यांसमोर तो करतो, आणि त्यामुळेच शिक्षाही एवढ्याच घराला भोगावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या आल्यापासून ज्या गावाची पोटे भोंग्यावर चालली आणि मग भोंगे थांबल्यावर मागांवर आली, त्या गावातल्या माणसाला आधी ती फळी दिसावी यात मला आश्चर्य वाटायला नको होते. काकांना चित्रपट आवडला का, असे विचारले तर म्हणाले, ‘आवडण्यासारखं काय आहे त्यात? पण खोटं काही नाही.’

आता हिटलरच्या मुद्द्याविषयी. गणित सरळ आहे: १९१३ साली दहा-चौदा वर्षांची असलेली मुले १९३३ साली तिशीच्या घरात असणार. चित्रपटाचे उपशीर्षकही ‘एक जर्मन बालकथा’ असे आहे, आणि निवेदन करणारा म्हातारा शिक्षक सुरुवातीलाच म्हणतो की ही हकीकत आपल्या देशात पुढे जे घडले त्यावर कदाचित प्रकाश टाकील. तेव्हा हा अर्थ प्रेक्षकांनी उगाच काढलेला नाही. मात्र हानेके यांनी स्वतः मुलाखतींतून हा चित्रपट केवळ जर्मन फॅसिझमपुरता घेऊ नये असे सांगितले आहे. कोणत्याही तत्त्वाला निरपवाद मानले की त्यातून अमानुषता कशी जन्मते हे त्यांना दाखवायचे होते. माझी अडचण वेगळी आहे. ‘हे नाझींचे बालपण’ एवढे म्हटले की सोलापुरात बसलेला प्रेक्षक सुटतो. ती जर्मन पोरे, तो त्यांचा इतिहास, आपला काय संबंध? म्हणूनच या अर्थाने खूश झालेल्या प्रेक्षकापेक्षा चिडून उठलेला प्रेक्षक मला चित्रपटाच्या जास्त जवळचा वाटतो. तो निदान अस्वस्थ तरी असतो.

चित्रपट निर्दोष आहे असे मात्र मी म्हणणार नाही. डॉक्टर आणि सुईण यांच्यातला तो प्रसंग, ज्यात तो तिच्या देहाबद्दल, वासाबद्दल, वयाबद्दल एकेक शब्द तोलून किळस व्यक्त करतो आणि तू मरत का नाहीस असे विचारतो, मला अनावश्यक लांबलेला वाटला. तोपर्यंत डॉक्टर कसा आहे हे कळलेले असते, स्वतःच्या मुलीशी तो काय करतो हेही पुढे दिसणारच असते. दार बंद ठेवून एवढे सांगू शकणारा दिग्दर्शक इथे दार उघडे टाकून सगळे तोंडाने वदवतो. बेर्गर यांचे छायाचित्रण अप्रतिम आहे यात वाद नाही. चित्रीकरण रंगीत करून नंतर रंग काढून टाकलेले असल्याने प्रत्येक सुरकुती आणि गव्हाची प्रत्येक लोंबी धारदार दिसते. पण ही सुबकता अनेकदा त्या गावाला छायाचित्रांच्या जुन्या संग्रहासारखे गोठवून टाकते. तिथे घाम येत नाही, धूळ उडत नाही. शिक्षक आणि वाड्यावर मुले सांभाळणारी एव्हा यांचे लाजरेबुजरे प्रेम नसते तर शेवटपर्यंत बसणे मलाही अवघड गेले असते.

राहिला प्रश्न गुन्हेगाराचा. ‘उत्तर दिले नाही’ ही तक्रार करणाऱ्यांनी एक गोष्ट निसटू दिली आहे असे मला वाटते: चित्रपटात उत्तर दिले जाते, आणि ते गावच देते. शेवटाकडे सुईण शिक्षकाची सायकल मागून घेते. गुन्हेगार कोण ते मला कळले आहे, मी शहरात पोलिसांकडे चालले आहे, असे सांगून जाते आणि परत येत नाही. डॉक्टरचे घरही मुलांसकट रिकामे सापडते. लगेच गावात कुजबुज सुरू होते की सगळे त्या दोघांनीच केले असणार, त्यांचे संबंध होते, पोर त्यांचेच होते, डॉक्टरच्या बायकोच्या मरणातही त्यांचा हात होता, आणि म्हणूनच तोंड लपवून पळाले. जे आता हजर नाहीत त्यांच्या नावावर सगळा हिशेब मांडला जातो आणि गाव मोकळे होते. हे उत्तर ऐकताना आपल्याला ते खोटे वाटते, कारण त्याने सगळ्यांची फार छान सोय होते. प्रेक्षक म्हणून आपण जे उत्तर मागत होतो ते याहून वेगळे कुठे होते?

ज्याने खरा प्रश्न विचारला तो एकटा शिक्षक. तो क्लारा आणि मार्टिनला वेगळे गाठून विचारतो, मुले डोळ्याला डोळा भिडवून काहीच सांगत नाहीत, आणि मग तो आपला संशय पाद्र्यापुढे मांडतो. पाद्री ऐकून घेतो. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर असे काही येते की याला हे आधीच ठाऊक असावे असे वाटावे. मग तो स्वतःला सावरतो आणि धमकी देतो: ही गोष्ट पुन्हा बोललात तर तुरुंगात घालीन. यानंतर शिक्षक ती गोष्ट पुढे नेत नाही. सेरायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाल्याची बातमी आधीच आलेली असते, युद्ध सुरू होते, गाव चर्चमध्ये जमते, मुले गातात, आणि पडदा काळा होतो. युद्धानंतर आपण वारशाचे घर विकून शहरात शिंप्याचे दुकान टाकले आणि त्या गावातले कुणी पुन्हा भेटले नाही, एवढे तो जाता जाता सांगतो.

या शिक्षकावरून आमच्यात जो वाद पेटला तो अजून मिटलेला नाही. काकांच्या मते तो पळपुटा. एवढे कळूनही तोंड मिटून बसला आणि म्हातारपणी गोष्ट सांगतोय. बाईंनी त्याची बाजू घेतली. परक्या गावात नोकरीला आलेला, एव्हाच्या वडिलांनी लग्नासाठी एक वर्ष थांबायला लावलेला, वाडा आणि चर्च या दोघांच्या मर्जीवर जगणारा मास्तर आणखी काय करणार होता, असे त्यांनी विचारले, आणि आपल्या नोकरीत कोणत्या घरातल्या मुलाच्या पाठीवरचे वळ दिसूनही त्या गप्प राहिल्या तेही सांगितले. ‘बोलले असते तर बदली झाली असती,’ त्या म्हणाल्या. काकांनी विचारले, ‘मग पोराचं काय झालं?’ बाईंनी सांगितले की तो आता चांगल्या नोकरीत आहे, वाटेत भेटला की वाकून पाया पडतो, आणि स्वतःच्या मुलाला त्याच्या बापासारखाच शिस्तीत वाढवतो.